ढलप्या रसात भिजवाव्यात का?

प्रश्न: गच्चीवरच्या ड्रममध्ये मी कोंबडीला धुरी देतो. काटोलहून घरी भरपूर संत्री आली आहेत. धुरासाठीच्या आंब्याच्या लाकडाच्या ढलप्या रात्रभर संत्र्याच्या रसात भिजवल्या, तर मांसात ती चव उतरेल का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर: नाही उतरणार, भाऊ. रात्रभर भिजलेली एक ढलपी सुरीने मधोमध फोडून बघा. वरचा पातळ थर ओला, आत लाकूड कोरडं ठणठणीत. त्यात रस म्हणजे बहुतांश पाणीच. निखाऱ्यावर ते 100 अंशांच्या आसपास वाफ होऊन उडतं. लाकूड धुरायला लागतं ते त्यानंतर. सुरुवातीचा पांढरा लोट बराचसा वाफेचाच असतो. धुराचा खरा स्वाद लाकडातलं लिग्निन (लाकडाला कणखरपणा देणारा घटक) तापून फुटतं तेव्हा सुटतो. वर ओल्या लाकडाने निखारा मंदावतो आणि कोंदलेल्या धुराने मांस कडवट होतं. चांगली गावरान कोंबडी अशी वाया गेलेली मला बघवत नाही.

संत्र्याचा वास सालीतल्या तेलात असतो. म्हणून साल किसा (आतला पांढरा भाग नको, तो कडू), मीठ-लसूण-तिखटात मिसळा आणि कातडीखाली चोळून रात्रभर ठेवा. रस शेवटच्या टप्प्यात ब्रशने लावा, आधी लावला तर त्यातली साखर करपते. ढलप्या मात्र खडखडीत वाळलेल्याच घ्या. बागेत छाटलेल्या संत्र्याच्या फांद्या मिळाल्या तर त्याही नीट वाळवून चालतील. प्लायवूड किंवा रंग दिलेलं लाकूड अजिबात नको.