विचारा बिनधास्त: थालिया डेकमध्ये ठेवू का काढू?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाले आहो. आमी चौघं दोस्त संध्याकाळी मारुतीच्या पारावर मॅजिक द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ खेळतो, कार्ड पुण्याच्या मावसभावानं आणून देल्ले. माह्या पांढऱ्या डेकमध्ये (पत्त्यांच्या गड्डीत) ‘थालिया, गार्डियन ऑफ थ्रेबेन’चे 4 कार्ड हायेत. क्रीचर (लढणारे पत्ते) सोडून बाकी सगळे स्पेल (जादूचे पत्ते) 1 मॅनानं महाग करते ते; मॅना म्हणजे पत्ता टाकायची किंमत, ती लँड कार्डातून निघते. दोस्त म्हणतात हे कार्ड काही मारत नाही, काही देत नाही, नुसतं अडवते, अन् एक जण तर म्हणते हा रडीचा डाव हाये. 11 डाव खेळलो, 4च जिंकलो. 60 मध्ये 24 लँड, 20 क्रीचर (थालिया धरून) अन् 16 बाकीचे स्पेल हायेत. काढून टाकू का?

उत्तर : भाऊ, काढू नको. तू डेकचा हिशोब लिहून पाठवला हे लय बरं केलं, कारण गडबड त्या 16 आकड्यात आहे, थालियात नाही.

पहिले रडीच्या डावाचं. थालियाचा जादा 1 मॅना दोघांनाही भरावा लागतो, समोरच्यालाही अन् तुलेही, मंग रडीचा डाव कसा? पण हेच तुले महागात पडून राह्यलं. तुह्या स्वतःच्या 16 स्पेलवर तूच जादा मॅना भरतो, म्हणजे रोही येऊ नये म्हणून धुऱ्यावर काटे टाकले अन् आपलीच बंडी आत जाईना, अशी गत. अडवणारं कार्ड पाहताना पहिला प्रश्न हाच विचारायचा की याचा त्रास समोरच्याले जास्त का मले? ज्या डेकमध्ये 30 क्रीचर अन् 6 स्पेल आहेत त्याले थालिया जवळपास फुकटात पडते. तुह्या डेकले नाही.

आता ‘काही मारत नाही’ याचं. मागच्या आठवड्यात आमच्याकडं लाइट गेली होती, मोबाइलच्या टॉर्चवर खेळत होतो, आयुष्याचे 20 पॉइंट मोजायले दोघांसमोर चिंचोके ठेवले होते. पहिला टर्न माहा होता. दुसऱ्या टर्नले मी 2 मॅना भरून थालिया टाकली. समोरच्याजवळ एकच लाल लँड कार्ड मोकळं, हातात लाइटनिंग बोल्ट, एरवी 1 मॅनात 3 डॅमेज अन् थालिया जाग्यावर खल्लास. त्यानं लँडवर बोट ठेवलं, थांबला, बोट उचललं. त्याच्या टर्नले दुसरं लँड टाकून दोन्ही टॅप केले (आडवे करून मॅना काढला) अन् बोल्ट मारलाच. थालिया मेली, पण त्याचा 2 मॅनाचा क्रीचर त्या टर्नले हातातच राह्यला, अन् मी तिसऱ्या टर्नले रिकाम्या मैदानात नवा क्रीचर उतरवला. वरवर पाहिलं तर त्यानं एका कार्डानं एक कार्ड मारलं, बरोबरी. पण त्याचा अख्खा दुसरा टर्न त्यातच गेला ना!

म्हणून अशा कार्डाची किंमत काढताना किती स्पेल अडले ते मोजून भागत नाही. तो अडकला तेवढ्या वेळात तू काय केलं ते मोजायचं. रॅथ ऑफ गॉड घे, सगळे क्रीचर साफ करते, 4 मॅना. थालिया असली की 5, म्हणजे दर टर्नले एक लँड पडतं असं धरलं तर एक टर्न उशीर. त्या टर्नले तुह्याकडं हल्ला करायले मिळून 6 ताकद उभी असली तर 20 मधले 6 पॉइंट जास्तीचे गेले, अन् तू नुसता बसून असला तर थालियानं काहीच कमावलं नाही, तिनं वेळ दिला अन् तू तो वाया घालवला. आठव्या-नवव्या टर्नले, समोर 8 लँड उभे असताना, 1 मॅनाचं कोणाले काय! डावात तुही पाळी दुसरी असली तरी जोर कमी, कारण समोरच्याचा दुसरा टर्न आधीच होऊन गेलेला राहते.

4 ठेवायच्या का 2, हे काहून विचारलं नाही? लेजेंडरी आहे म्हणून तुह्या बाजूले एका वेळी एकच राहते, दुसरी टाकली तर एक टाकून द्यावी लागते. तरी मी 4च म्हणीन. 60 पत्त्यांत 4 असले तर पहिल्या 7 पत्त्यांत निदान एक यायची शक्यता 100 मध्ये 40, 2 ठेवल्या तर 22च. जे कार्ड दुसऱ्याच टर्नले कामाचं त्याले 22 वर सोडून जमत नाही, अन् हातातली जास्तीची थालिया पहिली मेल्यावर कामी येतेच.

समोर नुसत्या क्रीचरचा डेक असला तर? तिथं अडवायले काही नाही, पण 2/1 (2 ताकद, 1 जीव) अन् फर्स्ट स्ट्राइक उरतं, म्हणजे 2/2 वाला चालून आला तर ती आधी मारते अन् स्वतः वाचते. ब्लड मून हे बेसिक सोडून बाकीचे लँड बिघडवणारं कार्ड, तसल्या कार्डाले हे अंगच नाही, समोर साधे बेसिक लँड असले तर ते नुसतं पडून राहते. अशी कार्डं 15 पत्त्यांच्या साइडबोर्डात (डावांच्या मधात बदलायच्या राखीव पत्त्यांत) ठेवावी, थालिया मेन डेकमध्ये चालते.

तर 16 मधले 10 स्पेल काढ अन् 1-2 मॅनाचे क्रीचर भर. मंग 20 डाव खेळ, 10 मध्ये पहिली पाळी तुही अन् 10 मध्ये दुसरी, 11 डावांवरून काही कळत नाही. थालिया पडली त्या प्रत्येक डावात वहीत लिही, समोरच्याचं कोणतं कार्ड किती टर्न हातात अडकलं, तेवढ्यात तू किती डॅमेज केलं, अन् तिच्या जागी साधा 2 मॅनाचा 2/1 असता तर निकाल बदलला असता का. शेवटचा रकाना इमानदारीनं भरजो, अन् वहीच्या पानाचा फोटो पाठव, पुढच्या अंकात त्यावर बोलू.