ड्रायव्हरविना ड्रिल आणि विकायला काढलेलं शेत

(यावल तालुक्यातले एक वडील विचारतात : माझ्या बोअरच्या दोन गाड्या आहेत, खडीच्या खाणींवर सुरुंगाची भोकंही मारून देतो. मुलाला सीईटीत 71 पर्सेंटाइल. त्याला याच लाइनीत यायचंय. पण परदेशात खाणीतली ड्रिल मशिनं आता ड्रायव्हरविना चालतात. म्हणून दीड एकर विकून त्याला मॅनेजमेंट कोट्यातून कम्प्युटरला घालतोय. कोणतं कॉलेज घेऊ?)

भाऊसाहेब, कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. चार पानी पत्रात मुलाचं म्हणणं एका ओळीत, तीही तुम्हीच लिहिलेली. कॉम्प्रेसरचा व्हॉल्व्ह त्याने न विचारता खोलून परत बसवला, ही म्हणे तक्रार! मला तर अख्ख्या पत्रात तेवढीच कामाची माहिती सापडली. 71 पर्सेंटाइलची मला काळजी नाही. ‘हल्ली मी त्याला बोलूच देत नाही’ या वाक्याची आहे.

तुमचा जन्म धुळीत गेला, खोकला जडला, पोराच्या नशिबी ते नको, हे पटतं. मग तेच त्याला सांगा ना. भीती छातीच्या दुखण्याची आणि पुढे करायचं ऑटोमेशनला, हे बरं नाही. शिवाय ऑटोमेशन माणसाला त्या धुळीतून आणि दरडीच्या काठावरून लांबच नेतं.

ऑस्ट्रेलियात पिलबाराच्या लोहखनिजाच्या खाणींतली ड्रिल्स सुमारे 1500 किलोमीटरवरच्या पर्थमधून चालवली जातात, हे खरं. एक जण अनेक मशिनं सांभाळतो, म्हणजे केबिनमधल्या नोकऱ्या घटतात, हेही खरं. पण मशीन करतं काय? उपग्रहाच्या मदतीने आखलेल्या भोकावर जाऊन उभं राहतं, जॅकवर स्वतःला लेव्हल करतं, खडक लागेल तसा दाब आणि फेरे कमी-जास्त करतं. काळ्या पाषाणातून बिट, म्हणजे ड्रिलचं टोक, लाल गेरूच्या थरात शिरलं की रॉड सटकन उतरतो. तुम्हाला ते आवाजावरून कळतं, त्याला सेन्सरवरून. भोकागणिक ते नोंद ठेवतं. पण ती नोंद वाचून कुठे किती सुरुंगाची दारू भरायची हे ठरवायला माणूसच लागतो. रॉड अडकला, होज फुटला, सेन्सर चुकीचं दाखवू लागला, तर तिथे जाणाराही माणूसच. नुसतं कोडिंग शिकलेल्याला खडक कळत नाही. तुमच्या पोराला थोडाफार आजच कळतो.

मायनिंगसाठी धनबादची आयआयटी किंवा नागपूरचं व्हीएनआयटी आहे, पण तिथे जेईई लागते. त्याच्यासाठी मेकॅनिकल, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा मेकॅट्रॉनिक्स (यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र) पाहा. सरकारी पॉलिटेक्निकचा डिप्लोमाही कमीपणाचा नाही.

पुढचं पत्र मुलाने लिहावं, तुम्ही न वाचता पाठवावं. कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्मही त्यालाच भरू द्या. आणि शेताचा सौदा आज थांबवा. इसार घेतला असेल तर परत करा.