पिंगळा पाहायचाय? सुरुवात अशी करा

पिंगळा म्हणजे एक छोटं घुबड. त्यासाठी मध्यरात्री टेकडी चढायची गरज नाही. सूर्यास्ताआधी अर्धा तास एखाद्या विद्यापीठाच्या आवारातल्या जुन्या वड-चिंचांखाली थांबा. ढोलीखाली पांढरी विष्ठा आणि किड्यांची कवचं, उंदरांची हाडं असलेल्या, त्याने ओकून टाकलेल्या गुठळ्या दिसल्या, तर जागा बहुधा त्याचीच. पक्षी जेमतेम 20 सेंटिमीटरचा, पिवळ्या डोळ्यांचा. आवाज मात्र कर्कश!

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणं. घुसखोर आला समजून तो घरटं सोडून धावतो. कधीच करू नका.
- फ्लॅश मारणं.
- नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे विणीच्या काळात, ढोलीला खेटून उभं राहणं. मान खालीवर हलवत तुमच्याकडे रोखून पाहू लागला, की मागे सरा.

मेळघाटातल्या रानपिंगळ्याचं, म्हणजे याच्या दुर्मीळ भाऊबंदाचं, नंतर बघू. आधी हा नीट ओळखा.