गावरस्त्यांची प्रश्नोत्तरे: आधी गटार, मग डांबर

पावसाळा सरला की रस्त्यांचे प्रश्न ढिगाने येतात. सारखे प्रश्न एकत्र करून यावेळी पाच घेतले आहेत.

प्रश्न: गावापासून फाट्यापर्यंतच्या तीन किलोमीटर रस्त्याची चाळण झालीय. ग्रामसेवक म्हणतात झेडपीचा, झेडपीवाले म्हणतात बांधकाम खात्याचा. अर्ज द्यायचा कुणाकडे? (बीड जिल्हा)

आधी रस्त्याचा दर्जा शोधा. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा) सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग (इजिमा) आणि ग्रामीण मार्ग (ग्रामा) जिल्हा परिषदेकडे, तर गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीकडे. जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात तालुक्यातल्या रस्त्यांची यादी असते. तिथे तुमच्या रस्त्याचा नंबर सापडला की टोलवाटोलवीला जागा उरत नाही.

घोळ बहुतेक वेळा दर्जोन्नतीमुळे होतो. कुणीतरी वजन वापरून इजिमाचा प्रजिमा करून घेतलेला असतो. रस्ता कागदावर एका खात्यातून निघतो आणि दुसऱ्या खात्यात पोचलेला नसतो. अशा वेळी दर्जोन्नतीच्या शासन निर्णयाची प्रत मागा आणि दोन्ही कार्यालयांना एकाच अर्जाची प्रत द्या. यादीत रस्ताच नसेल तर मात्र खड्ड्यांचे फोटो काढत बसू नका. नंबर नसलेल्या रस्त्याला '३०५४' या देखभाल-दुरुस्तीच्या लेखाशीर्षातून पैसा मिळणं कठीण. रस्ता योजनेत घ्यावा असा ग्रामसभेचा ठराव आधी करा.

आणि हो, काम पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतलं असेल तर फलकावरची काम पूर्ण झाल्याची तारीख बघा. तिथून ५ वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराच्या गळ्यात असते.

प्रश्न: आमच्याकडे खडीकरण चालू आहे. खडी कमी टाकतात असा सगळ्यांना संशय आहे, पण आम्ही इंजिनियर नाही. कसं ओळखायचं? (यवतमाळ जिल्हा)

टिपर मोजा. गणित चहाच्या टपरीवर होण्याइतकं सोपं आहे. ३.७५ मीटर रुंदीच्या रस्त्यावर एक किलोमीटर लांब आणि ७५ मिलिमीटर जाड (दबाई झाल्यावर) खडीचा एक थर म्हणजे सुमारे २८१ घनमीटर. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, म्हणजे तयार थर झाला ९९ ब्रासचा. रोलरखाली खडी बसते, म्हणून सैल खडी साधारण १२० ते १४० ब्रास लागते. टिपर ४ ब्रासचा असेल तर एका किलोमीटरच्या एका थराला ३० ते ३५ खेपा. अंदाजपत्रकात दोन थर असतील तर याच्या दुप्पट. गावात १८ खेपा येऊन काम 'पूर्ण' झालं तर उरलेल्या कुठे गेल्या, एवढंच विचारायचं. रस्त्याची रुंदी मात्र अंदाजपत्रकातूनच घ्या. कमी वर्दळीच्या रस्त्याला ३ मीटरही धरतात, आणि मग चुकीचा आकडा घेऊन तुम्हीच तोंडघशी पडाल.

मोजणी वहीत लिहा. तारीख, वेळ, गाडी नंबर. नंतर मोजमाप पुस्तिकेशी (ऑफिसात तिला 'एमबी' म्हणतात) ताडून बघा. ती बघायला दरवेळी माहिती अधिकाराचा अर्ज लागतोच असं नाही: २०१८च्या शासन निर्णयानुसार जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात. अर्ज करायचाच तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) खाली कामाची पाहणी आणि साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा. भांडण मात्र मुकादमाशी नको. त्या बिचाऱ्याच्या हातात काही नसतं.

प्रश्न: रस्ता डांबरी केला की दोन पावसाळ्यांत उखडतो. आता सदस्य म्हणतात, सिमेंटचाच करा. काय करावं? (सरपंच, सोलापूर जिल्हा)

सरपंचसाहेब, ठराव करण्याआधी एकदा भर पावसात छत्री घेऊन त्या रस्त्यावर चाला. साइडपट्ट्या बघा. दरवर्षी माती आणि गवत साचून त्या रस्त्यापेक्षा वर आलेल्या दिसतील, आणि पाणी कडेला जायचं सोडून चाकोरीत उभं असेल. डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे मीटरमागे अडीच-तीन सेंटिमीटर उतार हवा. ३.७५ मीटरच्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा ५ सेंटिमीटरच्या आसपास उंच यायला पाहिजे. दोरी आणि पट्टी घेऊन दहा मिनिटांत कळतं.

तो उतार नसेल तर पाणी डांबरातून झिरपून खाली जातं. तुमच्याकडची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. वरून गाळप हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या. डांबर कितीही चांगलं असलं तरी खालचा पायाच हलला की काय टिकणार? सिमेंटचंही तेच होतं, फक्त तडा उशिरा दिसतो आणि दुरुस्ती जास्त महाग पडते. गावठाणात, जिथे सांडपाणी बारमाही वाहतं, तिथे सिमेंट ठीक; तेही दोन्ही बाजूंना गटार असेल तरच.

बाहेरच्या रस्त्याला मे महिन्यात साइडपट्टी छाटा, चर मोकळा करा, मोऱ्यांतला गाळ काढा. ही कामं डांबराच्या मानाने किरकोळ खर्चाची, आणि नेमकी हीच आराखड्यात नसतात, कारण त्यांचं उद्घाटन करता येत नाही. पैशाचं म्हणाल तर १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ६० टक्के अनुदान पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित (म्हणजे त्याच कामांवर खर्चायचं) ठेवलं. गावठाणातलं सांडपाणी मार्गी लावण्याचं काम त्यात बसणारं होतं. मग रस्त्यासाठीचे अबंधित पैसे गटारात कशाला घालायचे?

खरी अडचण वेगळी आहे, ती तुम्हालाही माहीत आहे. चर बुजवून बांध पुढे सरकवणारा आणि रात्री उसाचं पाणी रस्त्यावर सोडणारा आपल्याच भावकीतला असतो. त्याला नोटीस काढायला हात धजत नाही. पण ते न करता केलेलं डांबरीकरण म्हणजे पैसे पाण्यात.

प्रश्न: आमच्या रस्त्याला २५ टक्के कमी दराची निविदा मंजूर झाली. काम बोगस होणार का? (नाशिक जिल्हा)

होईलच असं नाही. ठेकेदाराची स्वतःची खडीमशीन जवळ असेल आणि अंदाजपत्रकात खडीची वाहतूक लांबच्या खाणीवरून धरलेली असेल, तर फरक तिथेच निघतो. म्हणून अंदाजपत्रकातला 'लीड तक्ता' (साहित्य किती अंतरावरून आणायचं ते दाखवणारा) बघा. कमी दराच्या निविदेवर अतिरिक्त सुरक्षा अनामत घ्यायची असते. ती घेतली का आणि केव्हा परत दिली, हे विचारा. लीडमध्ये काही सापडलं नाही तर मात्र थराची जाडी मोजायला तयार राहा.

प्रश्न: नळयोजनेच्या पाइपसाठी वर्षापूर्वीचा सिमेंट रस्ता फोडला आणि वर नुसती माती लोटली. आता जबाबदारी कुणाची? (सांगली जिल्हा)

योजनेच्या अंदाजपत्रकात रस्ता पूर्ववत करण्याची बाब आहे का, ते आधी तपासा. असेल तर ती ठेकेदाराकडून करून घ्यायची. तुमच्या हातातला खरा हुकमी पत्ता म्हणजे हस्तांतरण. योजना शेवटी ग्रामपंचायतीच्या ताब्यात द्यायची असते, आणि ताबा पावतीवर सही सरपंच-ग्रामसेवकांची लागते. पाइपसाठी खोदलेला चर १५-२० सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून, धुम्मस करून भरला जात नाही आणि वरचं सिमेंट होत नाही तोवर सही करू नये, असा ठराव ग्रामसभेत घ्या. सही आधीच झाली असेल तर ठेकेदाराची अनामत अजून जमा आहे का, हे पाणीपुरवठा उपविभागात लगेच विचारा.