अंगवळणी पडेपर्यंत

प्रिय पोरी,

निधीसाठीचा तुझा अर्ज मिळाला. सगळे रकाने भरलेस, फक्त 'प्रकल्पातील नावीन्य' हा एक कोरा ठेवलास आणि खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंस, "ताई, इथे काय लिहू? दोन वर्षं आम्ही तेच करतोय." ती ओळ नसती तर अर्जात दोन-चार दुरुस्त्या करून मी तो परत पाठवला असता. तिच्यामुळे हे पत्र लिहायला बसले आहे.

"तेच करतोय" हे तू चूक कबूल केल्यासारखं लिहिलंस. मला ते वाचून आधी तुझा अभिमान वाटला. मग ज्यांनी तुला त्याची लाज वाटायला लावली, त्यांचा राग आला. आणि खरं सांगायचं तर थोडा तुझाही आला, कारण तुला ती लाज वाटली.

काय करता तुम्ही? मूल सलग तीन दिवस शाळेत दिसलं नाही, की चौथ्या दिवशी त्याच वस्तीतली एक मोठी मुलगी त्याच्या दारात जाते. उपदेश करत नाही, धाक घालत नाही. काय झालं, एवढंच विचारते, वहीत लिहिते आणि शाळेत जाऊन सांगते. कधी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी ठेवलेलं असतं, कधी वर्गात सगळ्यांदेखत अपमान झालेला असतो, कधी मूल कामाला लागलेलं असतं. कारण दर वेळी निराळं, दारात जाणं मात्र ठरलेलं. आता कुणीतरी तुला सांगितलंय की यात एक अ‍ॅप घाला, म्हणजे प्रस्ताव उठून दिसेल. दुसरं कुणी म्हणतंय, हे आता जमलंय, तर पुढचा प्रकल्प हाती घे. आणि तू मधे अडकली आहेस.

नवोपक्रमाने समाज बदलतो, असं आपल्या क्षेत्रात सगळे म्हणतात. माझं म्हणणं एवढंच आहे की तो जुना झाला की समाज बदलतो. लोकांच्या अंगवळणी पडला की. तोवर तो एक चांगला प्रयोग असतो, आणि चांगले प्रयोग मी इतके विरताना पाहिलेत की आता प्रयोगाच्या बातमीने मला आनंद होत नाही. आनंद होतो तो कुणी म्हणालं की "हे आम्ही असंच करतो" तर.

मीठ-साखरेच्या पाण्याची गोष्ट तुला माहीत आहे, पण अर्धीच. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडून भारतात आले, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या करून घेतल्या, पाण्यात कालवल्या आणि नातेवाइकांच्याच हाती पेले दिले: पाजत राहा. मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. त्याआधी अशा छावण्यांत ते ३० टक्क्यांच्या घरात जायचं. पुढे १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाला शतकातली बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. भाषणांमध्ये गोष्ट इथे संपते. टाळ्या पडतात.

पण तेव्हाही घरोघरी मुलं जुलाबाने मरतच होती. कारण शोध डॉक्टरांकडे होता आणि मूल आईच्या मांडीवर होतं. त्या दोघांमधलं अंतर तोडायला बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० पासून दहा वर्षं घेतली. बायका घरोघर गेल्या. तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. सांगून थांबायच्या नाहीत, आईच्या स्वतःच्या हाताने करून घ्यायच्या. एक कोटी वीस लाखांच्या आसपास घरं झाली अशी. आणि यातली मला सर्वांत आवडणारी बाब पगाराची आहे. शिकवून गेल्यावर काही दिवसांनी दुसरं पथक निवडक घरी जायचं आणि आईला विचारायचं, करून दाखव. तिला किती आठवतं, यावर शिकवणारीचा मोबदला ठरायचा. किती घरं फिरलीस यावर नाही! ज्याने कुणी हे ठरवलं, त्याला समाज कसा बदलतो ते नेमकं कळलं होतं.

तरीही पहिला झटका बसलाच. आयांना कृती तोंडपाठ होती, पण मूल आजारी पडल्यावर फार थोड्या जणी ते पाणी करत होत्या. शोध घेतला तेव्हा कळलं की शिकवणाऱ्यांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता, त्यांच्या स्वतःच्या घरी त्या ते वापरत नव्हत्या. मग त्यांना समजावलं, पटवलं. घरातल्या पुरुषांशीही बोलायला सुरुवात केली. रसायन तेच, कृती तीच. तिच्यात नवं काहीच घातलं नाही. फक्त पुन्हा गेले. आणि पुन्हा. आज तिथल्या एखाद्या आईला विचारलंस की हे कुणी शोधलं, तर तिला बहुधा नाव सांगता येणार नाही. ते विस्मरण हेच त्या कामाचं यश, असं मी मानते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या गावांमधलं नवजात मृत्यूचं प्रमाण हजारी ६२ वरून २५ वर आलं, १९९९ साली ते छापून आलं. याची स्तुती तू भरपूर ऐकली असशील. मी तुला त्यातली एक रुक्ष गोष्ट दाखवते. पुढे २०११ मध्ये सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत हे घरभेटीचं काम देशभर सुरू केलं, तेव्हा ते एका वेळापत्रकात बसलं: तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या, बेचाळिसाव्या, बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. प्रस्तावात शोभून दिसेल असं त्यात काही नाही. आज चौदावा दिवस आहे म्हणून एक बाई चपला घालते आणि निघते. तुझ्या मुलींचा चौथा दिवस याच जातीचा आहे, हे तुला कळत कसं नाही?

उलट बाजूही सांगते. दक्षिण आफ्रिकेत प्लेपंप नावाची एक युक्ती निघाली. मुलांनी गोल फिरायच्या चक्रावर खेळायचं आणि त्या फिरण्याने पाणी वर चढायचं. पाहणारा खूश व्हायचा. २००० साली जागतिक बँकेचा पुरस्कार मिळाला, २००६ मध्ये अमेरिकेतून मोठा निधी जाहीर झाला. पण मुलं तहान लागेल तेव्हा खेळत नाहीत, ती त्यांना वाटेल तेव्हा खेळतात. अनेक ठिकाणी ते जड चक्र बायकांनाच ढकलावं लागलं. बिघडलं तर गावात दुरुस्त होईना. काही वर्षांतच तो पसारा आवरावा लागला. कल्पना उमदी होती. कुणाच्या अंगवळणी पडली नाही.

या पंपाबद्दल मी इतक्या ठामपणे का बोलते, ते तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

तुझ्या वयाची असताना आम्ही हापसे दुरुस्त करायला वस्तीतल्याच बायका तयार केल्या होत्या. पूर्वी हापसा बंद पडला की माणूस यायला महिना-महिना लागायचा. आमच्या बायका दोन दिवसांत उघडून, वायसर बदलून पाणी चालू करायच्या. जड पाइप वर ओढताना दोघी-तिघी मिळून जो आवाज करायच्या, तो अजून माझ्या कानात आहे. दोन वर्षं छान गेली. मग आमचं कौतुक झालं, फोटो आले, आणि पैसे देणाऱ्यांनी विचारलं, आता पुढे नवीन काय? मी एका रात्रीत प्रस्ताव लिहिला. बायकांनी वस्तीची माहिती गोळा करायची, नकाशे करायचे, त्यातून पाण्याचं नियोजन करायचं. प्रस्ताव सुंदर होता. मंजूर झाला. त्याच बायका नकाशांच्या कामाला लागल्या. वायसर आणून द्यायचं काम माझ्याकडे होतं. ते मी कुणाला सोपवलं नाही आणि मीही केलं नाही.

तीन वर्षांनी तिथे गेले. हापसा बंद होता. आमच्यातली सर्वांत तरबेज बाई दारात उभी होती, आत खिळ्याला हत्यारांची पिशवी टांगलेली होती, पान्याला गंज चढला होता. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "वायसर संपले. तुम्ही म्हणाला होतात, मी आणून देईन." आणि मला पाणी दिलं. ते तिने किती लांबून आणलं असेल, याचा हिशेब मी तिथे बसून मनात केला. अजूनही करते.

आमच्या कामात कमी कशाची होती? कौशल्य होतं, हिंमत होती, गरज तर होतीच. एक साधी सवय रुजायची राहिली होती: वायसर संपायच्या आधी कुणी, कुठून, कुणाच्या पैशाने आणायचे. ती रुजायला अजून दोन-तीन कंटाळवाणी वर्षं लागली असती. ती देण्याऐवजी मी नव्याच्या मागे गेले. पैशांचा नाइलाज होता, असं मी बरीच वर्षं सांगायचे. अर्धं खरं आहे ते. अर्धं असं की त्या वायसरांचा मला कंटाळा आला होता.

त्यानंतर मी हट्टी झाले, हे तू लोकांकडून ऐकलंच असशील. एका अधिकाऱ्याने आमचं काम एकदम पूर्ण जिल्ह्यात न्यायची तयारी दाखवली होती आणि मी नाही म्हटलं होतं. मी संधी घालवली, असं आजही बोललं जातं. त्या माणसाची तळमळ खरी होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याला सगळं सहा महिन्यांत हवं होतं, आणि प्रशिक्षण एका दिवसाचं. एका दिवसात हात बसत नाही! शेकडो पिशव्या खिळ्यांना टांगून मी काय मिळवलं असतं? एका पिशवीचा गंज मला पुरेसा होता. हो, लहान राहिले मी. पण त्यानंतर ज्या वस्त्यांमध्ये काम केलं, तिथे मी जाणं थांबवल्यावरही ते चालू आहे.

इथे थांबून तुझ्यासाठी एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर माझा हट्ट तुला वारसा म्हणून मिळेल. मी नकार दिला, पण त्याच्यापुढे दुसरा मार्ग ठेवला नाही. "सहा महिने नको, सहा वर्षं द्या" असं म्हणून बघायला हवं होतं. रोजगार हमीचं बघ. वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात छोट्या प्रमाणावर ती करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर लागली. १९७७ मध्ये कायदा झाला, आणि देशाचा कायदा व्हायला २००५ उजाडलं. चाळीस वर्षं. काम मागणं हा आपला हक्क आहे, हे मजुराच्या तोंडी बसायलाही वर्षं लागली आणि ते न्यायला सरकारच लागलं, एकट्या संस्थेला ते झेपलं नसतं. तेव्हा मोठं होण्याची भीती माझ्याकडून घेऊ नकोस. घाई मात्र कुणाकडूनही घेऊ नकोस.

आता तुझ्या अ‍ॅपबद्दल. मुलींना वही लिहून हात दुखतो म्हणून त्या स्वतः मागत असतील, तर कर, उद्याच कर. अर्जातला रकाना भरायला म्हणून करणार असशील, तर एक गोष्ट आधी तपास: अ‍ॅप भरायचं म्हणून दारातलं बोलणं पाच मिनिटांवरून दोनवर येणार आहे का? येणार असेल तर तू माझीच चूक नव्या यंत्रावर करते आहेस.

आणि दुसरा प्रकल्प हाती घेण्याबद्दल मी फार लिहिणार नाही. आत्ता चौथ्या दिवशीची आठवण कोण करतं? मला वाटतं, तूच करतेस. सकाळी फोन करून "आज कुणाकडे जायचंय" विचारतेस. तसं असेल तर काम अजून तुझ्या अंगवळणी पडलंय, वस्तीच्या नाही. तुझी सही लागते, तुझा उत्साह लागतो, शाळेशी तूच बोलतेस. यातली एकेक गोष्ट तुझ्या हातून काढून कुणाच्या तरी हातात बसवायची आहे. एखादी मुलगी लग्न होऊन किंवा नोकरी लागून गेली तर तिच्या जागी कोण येईल, तिला कोण शिकवेल, वहीचे पैसे कुठून येतील, मुख्याध्यापक बदलले तर नव्यांना कोण भेटेल. तुझी पुढची दोन वर्षं यातच जाणार आहेत आणि तुला त्यांचा कंटाळा येणार आहे. आला की मला लिही. कंटाळ्याबद्दल मी तुला कधी रागावणार नाही.

त्या कोऱ्या रकान्यात मात्र खरं लिही: "नवीन काही नाही. दोन वर्षांपूर्वी सुरू केलेलं काम वस्तीने स्वतः चालवावं, यासाठी निधी हवा आहे." कदाचित पैसे मिळणार नाहीत. मग आपण दोघी मिळून दुसरं दार ठोठावू, मी बरोबर येईन.

येत्या महिन्यात एक आठवडा गावाला जा. फोन करू नकोस, कुणाला आठवण करू नकोस. परत आलीस की आधी वही उघड आणि तू नसताना चौथ्या दिवशी किती दारांत कुणी गेलं, ते मोजून मला कळव. आकडा लहान असला तरी कळव.

तुझी,
ताई