सर्व्हर रिकामा दिसतोय? आधी वेळ ठरव

भावा, गेमचा सर्व्हर चोवीस तास चालू ठेवला म्हणून पोरं येत नाहीत. आत कुणीच दिसलं नाही की नवा माणूस मिनिटभरात निघून जातो. रंकाळ्यावरसुद्धा गर्दी असलेल्या भेळेच्या गाडीवरच लोक थांबतात. म्हणून वेळ ठरव: शनिवारी रात्री 9 ते 11. तेवढा वेळ तालमीतले, कॉलेजातले सात-आठ दोस्त आत पाहिजेतच.

माइनक्राफ्ट जावाचा (कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीचा) सर्व्हर असेल तर मोबाइलवाल्यांना विसरू नकोस. त्यांना जावा सर्व्हरवर आणणारं गायझर हे प्लगिन टाक आणि सोबत फ्लडगेट, म्हणजे वेगळं जावा खातं लागत नाही. राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची दारं) दोन उघडायचे: टीसीपी 25565 आणि यूडीपी 19132. दुसरा राहिला की मोबाइलवर सर्व्हर दिसतच नाही.

घरच्या ब्रॉडबँडवर पोर्ट उघडूनही बाहेरून कुणी जोडलं जात नसेल तर राउटरमधला वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघ. 100.64 ते 100.127 ने सुरू होत असेल तर तो सीजीनॅट, म्हणजे कंपनीने एकच बाहेरचा आयपी अनेक घरांत वाटलेला. मग राउटरशी कितीही झटापट कर, उपयोग नाही. कंपनीकडे स्टॅटिक आयपी (तुझा एकट्याचा कायमचा पत्ता) माग, नाहीतर मुंबईतला व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घे. युरोपातला स्वस्त पडला तरी घेऊ नकोस, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) वाढतो आणि लढाईत घाव उशिरा लागतो.

लॅग आला, म्हणजे गेम अडखळला, तर सर्व्हरच्या सेटिंगमधलं व्ह्यू-डिस्टन्स (किती लांबचं जग दिसतं ते) 10 वरून 6 कर.

कोण काय तोडतं-बांधतं याची नोंद ठेवणारं कोअरप्रोटेक्ट हे प्लगिन पहिल्याच दिवशी बसव. कुणी दुसऱ्याचं घर फोडलं तर त्याचे तेवढेच बदल मागे घेता येतात. उशिरा बसवलंस तर आधीची नोंदच नसते, आणि घर गेलेला पोरगा परत येत नाही.