पावतीपुस्तक टेबलावर ठेव आणि घरी जा

प्रिय मित्रा,

गुरुदीक्षेच्या दिवशी तुझ्या डोक्यावर हात ठेवणाऱ्या धर्मगुरूंच्या रांगेत मीही होतो, म्हणून जरा अधिकाराने लिहितो आहे. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपली की दिवस कार्यालयातच जातो, असं तू लिहितोस. बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाचे कागद, हॉलचं बुकिंग, दफनभूमीतल्या जागेवरून भांडणं, शाळेच्या गळक्या छपराचा खर्च. रात्री प्रार्थनेचं पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. याचसाठी धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत एवढी वर्षं काढली का, असं तुला वाटतं, आणि पुढच्या शिक्षणासाठी रोमला जाण्याचा अर्ज तू लिहूनही ठेवला आहेस.

अर्जाचं नंतर बघू. एवढ्या लांबलचक पत्रात तू कोणाच्या घरी गेलास हे कुठेच नाही. तुझ्याकडे आलेली माणसं आहेत, तू ज्यांच्याकडे गेलास अशी नाहीत. पाचारण, म्हणजे देवाची हाक, वेदीपाशी आहे आणि कार्यालय त्याच्या आड येतं, अशी तुझी तक्रार. मला विचारशील तर दोन्हीकडे तू माणसांची वाट बघत बसला आहेस. दुखणं तिथे आहे. घरी जा.

हे माझ्या मनचं नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतलं ५२९ वं कलम तू परीक्षेसाठी पाठ केलं असशील. धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या समाजाच्या, प्रमुखाने कुटुंबांना भेटी द्याव्यात, त्यांच्या काळज्या, त्यांचं दुःख वाटून घ्यावं, असं तिथे स्पष्ट आहे. फ्रान्समधल्या आर्सचे धर्मगुरू संत जॉन व्हियानी १८१८ साली त्या लहानशा खेड्यात आले आणि १८५९ मध्ये मरेपर्यंत तिथलेच राहिले. त्यांच्याकडे पापनिवेदनासाठी लागणाऱ्या रांगांबद्दल सगळे बोलतात. त्या रांगा नंतरच्या. आधी ते घरोघर फिरले होते.

केव्हा जायचं, हे मात्र तू ठरवायचं नाहीस. तुझ्याकडची अर्धी घरं कोळ्यांची. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या, दिवसांत डोल जाळी लावणारे डोलीवाले समुद्रावर असतात, भांग, म्हणजे लहान भरतीचे दिवस, लागला की घरी जाळी सांधत बसतात. तेव्हा जा. बाया पहाटेच बाजार गाठतात, त्या दुपारनंतर भेटतील. केळीच्या आणि भाजीच्या वाड्यांमधली म्हातारी माणसं ऊन चढलं की ओटीवर येतात. चर्चगेट लोकलने नोकरीला जाणारी पोरं रात्री आठच्या आत घरात सापडायची नाहीत. तुझ्या डायरीतल्या वेळा भरती-ओहोटीने आणि रेल्वेने ठरू देत.

चालत जा. मोटारसायकलवरून गेलास तर वाटेतली चार माणसं हुकतात. आणि पावतीपुस्तक नेऊ नको! काखेत पावतीपुस्तक घेतलेला फादर एकदा दारात दिसला की पुढे कैक वर्षं त्या आळीला तो वर्गणीसाठीच आला असं वाटतं. आजाऱ्यांना लावायच्या तेलाची डबी मात्र खिशात असू दे. प्रत्येक धर्मगुरूला ते तेल जवळ बाळगण्याची मुभा आहे. बिशपांनी पवित्र आठवड्यात आशीर्वादित केलेलं तेल वर्षभर सॅक्रिस्टीत, उपासनेचं साहित्य ठेवायच्या खोलीत, कपाटात कशासाठी?

आणखी एक. कार्यालयात माणूस तुझ्याशी शाळेतल्या मराठीत बोलतो, जपून, वाक्य जुळवून. घरात तोच कादोडीत, वाडवळीत, कोळ्यांच्या बोलीत बोलतो, आणि मुलगा दारू पितो हे तिथेच तोंडातून निघतं. माझ्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. भाषा वेदीपर्यंत आली, मग आपण त्या भाषेच्या ओटीपर्यंत जायचं नाही? आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया धर्मगुरू नव्हता, फ्रान्सिस्कन बंधू होता. जपानी लोकांत राहून त्यांची भाषा शिकला, म्हणून सोबतच्या मिशनऱ्यांचा दुभाषा झाला, आणि १५९७ साली नागासाकीला त्यांच्याबरोबर क्रुसावर गेला.

घरात ऐकलेलं प्रवचनात आणू नको, नाव न घेतासुद्धा. गावाला लगेच कळतं. पापनिवेदनाच्या गुप्ततेला धर्मसंहितेचा पहारा आहे. ओटीवर ऐकलेल्याला तुझ्याशिवाय कोणाचा पहारा नाही.

माझ्याबद्दल तुझ्या कानावर आलंच असेल. एका धर्मग्रामात माझ्या काळात हॉलचं बांधकाम रेंगाळलं, फादर कार्यालयात सापडत नाहीत अशी तक्रार वरपर्यंत गेली. सापडत नव्हतो, खरं आहे. मोसम सुरू होताच गावातली एक होडी परतली नव्हती आणि मी तीन घरांमध्ये होतो. गेलेल्यांसाठीची महिन्याची मिस्सा झाली की पाहुणे येईनासे होतात, रडणं तिथून पुढे सुरू होतं. हॉल माझ्यानंतरच्या फादरांनी पुरा केला, देखणा केला. ती तीन घरं मला पुढच्यावर सोपवता आली नसती. बदलीच्या पत्रात कारण नव्हतं. मला ते अजून सलतं, आणि उद्या तसाच प्रसंग आला तर मी पुन्हा त्याच घरांत असेन.

पुढे मला एका संस्थेच्या कारभारावर बसवलं. आज्ञापालनाचं वचन दिलेलं, बसलो. हिशेब चोख राहिले. प्रवचनं मात्र कोरडी पडत गेली, कारण शनिवारी रात्री लिहायला बसलं की डोळ्यांपुढे चेहराच यायचा नाही. ती वर्षं मला कोण परत देणार? म्हणून तुझं पत्र वाचून जीव कासावीस झाला. तुला कोणी बसवलेलं नाही. तू आपणहून बसतो आहेस.

तू जेवत नाहीस धड, तुझ्या आईने मला सांगितलं. निवासातल्या मोठ्या टेबलावर एकट्याने जेवणं किती जड जातं ते मला ठाऊक आहे. बाळा, घरी जा. कुठेही तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण मिळेल, आणि पानावर बसल्यावर मुलं विचारतील ते प्रश्न सेमिनरीत कोणी विचारले नसतील.

दाखल्यांसाठी आठवड्यातल्या दोन सकाळी नेमून दे, तसा फलक लाव. गावात निवृत्त शिक्षक असतीलच, नोंदी उतरवायला ते आनंदाने बसतात. तू तपासून सही कर. पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे धर्मग्रामाच्या समितीच्या, सभासदांपासून सुरुवात करू नको, ते तसेही भेटतात. मिस्सेला न येणाऱ्यांची घरं आधी घे. कोणी दारातूनच परत पाठवलं तर महिन्याने पुन्हा जा. ईस्टरपर्यंत एवढं करूनही रोमला जावंसं वाटलं, तर शिफारसपत्र मी स्वतः लिहीन. तोवर तो अर्ज बिशपांकडे पाठवू नको.